पपईबैल

माझ्या बापाने एकतीस वर्षं
हा बैल अंगावर घेतला.
बांबूच्या कामट्या, वर काळं कापड,
कापडावर दोना इदालिनाने टाचलेली मखमलीची फुलं,
आणि पुढे डोकं. पूर्वी म्हणे ते हिरव्या पपईचं असायचं,
कुणाला घाईत दुसरं काही सापडलं नाही म्हणून.
आता कागदाच्या लगद्याचं आहे,
तरी नाव राहिलंच: पपईबैल.
आमच्या गावात नावं अशीच चिकटतात.
लहानपणी एकदा होडीतून पडलेला नेरेउ
सत्तरीतही ‘ओला’च आहे.

बैलाच्या आत शिरतो त्याला आम्ही गर म्हणतो.
यंदा बापाचे गुडघे नको म्हणाले,
भाऊ शहरात, कारखान्याच्या रात्रपाळीला,
म्हणून गर मी.
“आत बाई?” क्लबात दोघं-तिघं कुरकुरले.
“बैलाला विचारा,” बाप म्हणाला
आणि पत्ते पिसत बसला.

सकाळी सहा ते दोन मी शिणाणे सोलते.
बोटांवर सुरीच्या रेघा, रेघांत मीठ.
संध्याकाळी सांत जुआंव, जूनची बोचरी थंडी,
चर्चपुढे शेकोटी, कागदी पुड्यांत
उकडलेले पाइनचे दाणे.

खेळ सगळ्यांना पाठ.
बैल नाचतो, माजतो, मरतो,
वैदू येतो, उठवतो.
मग लांब हातांची मारिकोता गिरक्या घेत
ज्याच्या त्याच्या थोबाडीत देते,
आणि मगरतोंडी बेर्नुन्सा पोरं गिळते.
मला सातव्या वर्षी गिळलं होतं.
आत अंधार, उसाच्या दारूचा वास, चार बूट,
आणि आमचे गणिताचे सर:
“सरक पुढे, पायावर पाय देऊ नकोस.”
तेव्हापासून मला राक्षसांची भीती नाही.
गणिताची आहे.

मी पडले. म्हणजे बैल पडला.
गाल वाळूवर. कापडाच्या कडेखालून
चार बोटं उजेड,
आणि त्यात आख्खं गाव, घोट्यापर्यंत.
इदालिनाचे सुजलेले पाय, लोकरी मोज्यांवर चपला.
ओल्याचे गमबूट, खवले अजून चिकटलेले.
पाहुण्यांचे पांढरे बूट, सारखे वजन बदलणारे.
खुर्चीचे चार पाय, त्यांच्या मधे बापाचे दोन.
उजवा ताल धरतोय,
नेहमीसारखा एक ठोका आधी.

आता वैदू यायला हवा होता.
वैदू म्हणजे जेनेझियो, एरवी ॲम्ब्युलन्स चालवतो.
त्याचा फोन वाजला, टेकडीपलीकडे कुणाला तरी
खरोखरच्या कळा सुटल्या,
आणि तो दाढीसकट गेला.

गाणाऱ्यांनी ओळ लांबवली.
बैल मेला, बैल मेला, हाय कसा मेला.
मग बैलाचे कान, मग शेपूट, मग शिंगं
एकेक करून रडून झाली.
ढोलवाली झुसारा जांभई देताना मला ऐकू आली.
माझा डावा पाय बधिर.
इतका वेळ कधी कुणी मेलं नव्हतं आमच्यात.

कडेखालून एक छोटा हात आला, चिकट, काळ्या नखांचा.
हातात पाइनचा दाणा, अर्धा सोललेला.
“तू मेलीयेस का?”
मी म्हटलं, “थोडी.”
“मग खा.”

खाल्ला. आणि त्या फटीतून पाहिलं,
खुर्चीचे चार पाय जागेवर,
बापाचे दोन मात्र निघालेले,
वाळूत एक पाऊल, थांबा, एक पाऊल,
गाणं त्यांच्यासाठी हळू झालेलं.
शिंगावर टकटक झाली,
दारावर करतात तशी.
ना मंत्र, ना धूप.
“ऊठ गं,” तो पुटपुटला,
“वाळूनं सर्दी होईल.”

मी उठले.
एक ठोका आधीच उठले असं सगळे म्हणतात.
मला आठवत नाही,
दातांत अडकलेली साल
मी जिभेने काढत होते.